चक्की म्हणा, पंखा म्हणू नका

वारा नाही. लाईट नाही.

"मुलांना पळायला सांगा," कुलथेसाहेब म्हणाले.

"कुठं?"

"कुठं नाही हो बाई. नुसतं पळायला सांगा. गाड्या आल्या की रस्त्याच्या कडेनं, गाड्यांच्या बरोबर. पळाली की फिरतील."

माझी सगळी शाळा सड्यावरच्या रस्त्याला दोन रांगा करून उभी होती. प्रत्येकाच्या हातात एक भिंगरी. जुन्या कॅलेंडरची पानं, टाचण्या आणि कारवीच्या काड्या. चित्रकलेचे सगळे तास आम्ही त्यात घालवले होते. ऑक्टोबरचं ऊन वर आलेलं. गवताचं पातं हलत नव्हतं. सुगंधाच्या भिंगरीवर संकष्टी चतुर्थी आली होती, आणि ती मला चार हात लांबून वाचता येत होती.

मुलांच्या पाठीमागे, रस्त्यालगतच्या ओळीतल्या पवनचक्क्या फिरत होत्या. सगळ्या. एकसारख्या.

"बाई," सुगंधा म्हणाली, "तुमी म्हणालात आज कुणाचीच फिरनार न्हाई. त्यांची फिरतीया की."

मी वर बघितलं. मग कुलथेसाहेबांकडं बघितलं. ते वळणाकडं बघत होते, जिथून गाड्या यायच्या होत्या.

*

वारा आहे. लाईट नाही.

हे त्याच्या आदल्या पावसाळ्यातलं.

सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा, नुसता कातळ. कोयनेच्या खोऱ्याच्या वर अशाच एका सड्याच्या काठाला आमची खडपेवाडी. पावसाळ्यात तिथं असा वारा की मुलं हातात हात घालून साखळी करून शाळेत यायची. मी बदलून येण्याच्या आधी एका कंपनीनं सड्यावर पवनचक्क्या उभ्या केल्या होत्या. शाळेच्या ओसरीवरून पहिलीच्या मुलांना त्या मोजायला सांगितल्या की मुलांचे आकडे संपायचे, चक्क्या उरायच्या. त्यांची वीज तारांवरून कऱ्हाडकडं जायची आणि पुढं कुठं कुठं. खाली वाडीत दिवसाचा बराचसा वेळ लोडशेडिंग.

गावानं त्यांना पंखे म्हणायला सुरुवात केली होती.

"पंखा म्हणू नका, चक्की म्हणा." मी वर्गात म्हणायची, ओसरीवर म्हणायची, पाणवठ्यावर म्हणायची. लोकांना वाटायचं मास्तरणीला शुद्धलेखनाचा रोग आहे. तसं नव्हतं. चक्क्या आल्यापासून पाऊस ओढ देत होता आणि गावानं ठरवून टाकलं होतं की पंखे ढग पळवतात. पंखा वारा घालतो, वाऱ्यानं ढग उडतात, पाऊस पुढं देशावर जाऊन पडतो. एकदा पंखा म्हटलं की पुढचं सगळं मागोमाग येत होतं. म्हणून मला तो शब्दच काढायचा होता.

हे सगळ्यात मोठ्यानं बोलायचा म्हाकू शेळके. म्हशी आणि शेरडं राखणारा धनगर, सुगंधाचा आजा, गायरान आपल्या एकट्याचं असल्यासारखा त्यातून चालणारा.

"पाऊस बी देशाला, लाईट बी देशाला," तो म्हणायचा. "आमाला काय? सावली?"

एकदा तो खांद्यावर नाचणीचं पोतं टाकून थेट सबस्टेशनच्या फाटकावर गेला.

"काय पायजे, आबा?" वॉचमननं विचारलं.

"दळाण आनलंय."

"हितं कसलं दळाण?"

"आमच्या बाई म्हणत्यात चक्की हाय. चक्की हाय तर दळून द्या. आन् जरा बारीक पाडा, भाकरीला चिरा जात्यात."

गाव किती तरी दिवस हसत होतं. मीही हसले. पण दुसऱ्या दिवशी वर्गात भिंगरी घेऊन गेले आणि फुंकर घातली.

"कोण कुणाला फिरवतंय?"

"वारा भिंगरीला!"

"भिंगरी वारा करते का?"

"न्हाई!"

मुलं घरी जाऊन आईबापांसमोर फुंकर घालायची. असा एकेक उंबरा मी वळवला.

ह्या खटपटीचं कारण पाणी होतं. वाडीचा झरा उताराला, पार खाली. त्याला सगळे 'खालचं पाणी' म्हणायचे. झऱ्यावर पंप बसवलेला होता. वाडीत टाकी होती, नळही होते. लाईट नव्हती. यायची ती अवेळी, टाकीच्या तळाला ओल येण्यापुरती. मग बाया हंडे घेऊन उतार उतरायच्या आणि चढायच्या.

बचत गटाची अध्यक्ष हौसाक्का पवार. लहानपणापासूनच्या हंड्यांनी तिची मान अशी बसली होती की ती वळायची नाही आणि वरही व्हायची नाही. मागून हाक मारली तर ती अख्खी फिरायची. चक्की तिनं कधी पुरती बघितलीच नव्हती. तिला खांब माहीत होता आणि पात्यांची सावली.

"सांजच्याला माझ्या अंगनात फिरती," ती म्हणायची. "बरं वाटतं. पंख्याखाली बसल्यावानी."

"चक्की, अक्का."

"चक्की तर चक्की. आमचा पंप चालवंल का तेवढं सांगा तुमी."

चालवला असता. कंपनीला नव्या तारांचे मनोरे आमच्या गायरानातून न्यायचे होते. गावानं ना-हरकत दिली की सबस्टेशनमधून पंपाला वेगळी लाईन, दिवसभर वीज, असं कंपनीच्या वतीनं कुलथेसाहेबांनी ग्रामसभेत उभं राहून सांगितलं होतं. म्हाकू आडवा पडला: आणखी तारा म्हणजे आणखी पंखे. बाया माझ्या बाजूनं. बाकीचे पुरुष मधे, पण इकडं सरकत होते. ऑक्टोबरच्या सभेला हात वर व्हायचे होते.

*

वारा पडलेला. लाईट आली, गेली, आली.

कुलथेसाहेब कंपनीचे इंजिनिअर, मिरजेचे. सबस्टेशनच्या मागच्या खोलीत एकटे राहायचे. शाळेत यायचे ते काहीतरी घेऊन: मोडका वारा-मापक, जुनं बेअरिंग, तांब्याच्या तारेचं वेटोळं. मुलांशी बोलताना उकिडवे बसायचे.

सप्टेंबर संपताना ते आले ते हात हलवत.

"दिल्लीची समिती येतेय. देशाच्या विजेत वाऱ्याला कितपत धरायचं, ते ठरवणारी माणसं. मला बोलायचंय त्यांच्यापुढं. तुमच्यासमोर एकदा बोलून बघतो. तुम्ही समिती व्हा."

शाळा सुटली होती. मी खुर्चीत ताठ बसले, चष्मा नाकावर ओढला.

"हं. बोला. वाऱ्यावर देश चालेल का?"

"चालेल. पण तुम्हाला वाटतं तसा नाही."

"म्हणजे कसा?"

"पावसाळ्यात आमच्याकडं इतकी वीज होते की वरून निरोप येतो, कमी करा. शेतीचे पंप बंद, हवा गार, घ्यायला कोणी नाही. ऑक्टोबर आला, ऊन तापलं, सगळ्या देशानं घरातले पंखे लावले, की आमचा वारा गेलेला. नको तेव्हा ढीगभर, हवी तेव्हा नाही."

"मग घ्यायचीच कशाला?" समितीनं विचारलं.

"कारण खाली धरण आहे!" ते उठून उभे राहिले. "वारा आहे तोवर आमची वीज घ्या आणि धरणाचं पाणी राखून ठेवा. वारा पडला की तेच पाणी सोडा. म्हणजे वारा साठवला की नाही? आणि इथं पडला म्हणून सगळीकडं पडत नाही. इथं नसेल तेव्हा गुजरातेत असेल, तमिळनाडूत असेल. पण तिथून आणायला जाड तारा लागतात. आधी तारा घाला, मग चक्क्या वाढवा. आणि आम्हाला सक्ती करा, उद्या किती वारा येणार ते आज सांगा म्हणून. आत्ता कोणी विचारत नाही. चक्की उभी केली की करात सूट मिळते, म्हणून उभ्या राहतायत. फिरली का, हे विचारायला कोणी येत नाही."

"आणि आम्ही येऊ त्या दिवशी वारा नसला तर?"

"तर फारच उत्तम," ते म्हणाले. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. "मी त्यांना थांबलेल्या चक्कीखाली उभं करीन आणि म्हणेन, साहेब, ही अशी थांबते. हे धरून हिशेब करा, म्हणजे तो चुकणार नाही."

त्या वाक्यामुळं मला तो माणूस आवडला. याहून जास्त त्याबद्दल लिहीत नाही.

"मी मुलांच्या हातात भिंगऱ्या देते," मी म्हटलं. "थांबलेल्या. तुमचं म्हणणं त्यांना गाडीतूनच कळेल."

"छान," ते म्हणाले. "फार छान होईल."

*

वारा नाही. लाईट अजून नाही.

तर मुलं पळाली.

मी सांगितलं नाही. कुलथेसाहेबांनी टाळी वाजवली, "चला रे, पळा!" म्हणाले, आणि पळायला कुठल्या मुलाला दोनदा सांगावं लागतं? पांढऱ्या गाड्या वळणावरून आल्या. मुलं त्यांच्या दोन्ही अंगांनी सुटली. भिंगऱ्या फिरायला लागल्या. तारखा, चतुर्थ्या, पतसंस्थेची नावं, गणपती, सगळं मिसळून नुसते रंगांचे गोल झाले. एका गाडीची काच खाली झाली. एक हात बाहेर येऊन कौतुकानं हलला. पहिलीतला एकजण कातळावर पडला, गुडघा फुटला, उठून तसाच पळाला. थांबलं की भिंगरी थांबत होती, म्हणून कोणी थांबत नव्हतं.

माणसं उतरली. त्यांनी माना वर केल्या, फोटो काढले. एका बाईंनी सुगंधाची भिंगरी हातात घेतली, ती त्यांच्या हातात थांबली, त्यांनी गाल फुगवून तिच्यावर फुंकर घातली आणि सगळे हसले. "कितनी प्यारी बच्ची है." भिंगरी परत सुगंधाकडं आली.

मग समितीतल्या कोणीतरी विचारलं, "ये साल भर ऐसे ही चलते हैं?"

माझी मुलं धापा टाकत होती. मी कुलथेसाहेबांच्या तोंडाकडं बघत होते. धरण. तारा. हे धरून हिशेब करा.

"जी सर," ते म्हणाले. "बारह महीने."

गाड्या विश्रामगृहावर जेवायला गेल्या. तिथून त्या वाडीत यायच्या होत्या. पंपाचं बटण दाबून समितीच्या हस्ते आरंभ, असं ठरलेलं. गावाला वेगळी लाईन काय असते त्याची झलक. वाडीत बाया दसऱ्याच्या लुगड्यांत नळाजवळ बसल्या होत्या, चिंचेनं घासलेले हंडे ओळीनं ठेवून. बटणाला झेंडूचा हार होता.

गाड्या आल्या नाहीत. आल्या असत्या तरी उपयोग नव्हता. सड्यावर पंखे फिरायला लागल्यापासून वाडीत लाईट नव्हती.

पंखे. मी तेव्हा पहिल्यांदा मनात तो शब्द वापरला.

*

सबस्टेशनच्या कुंपणाशी.

"कुलथेसाहेब, वारा नव्हता."

"वर असतो, बाई. खाली नसला तरी वर असतो."

"ते तुम्हीच शिकवलंय मला. मागच्या ओळी तेवढ्याच उंच आहेत. त्या थांबल्या होत्या. रस्त्यावरून त्या दिसत नाहीत एवढंच. कशा फिरवल्या?"

"जुनी यंत्रं आहेत. जनित्राला उलट बाहेरून वीज दिली की त्याची मोटर होते. ती पाती फिरवते."

"वीज कुठली दिली?"

"बाई, जाऊ दे ना."

"कुठली?"

"लाईनवरची. एवढा भार झेपला नसता, म्हणून गावाची बंद ठेवावी लागली. थोडा वेळ."

"वीज खाऊन जे फिरतं, त्याला काय म्हणतात?"

"मला चिडवू नका. काल मुख्य कचेरीतून फोन आला. मी सांगून बघितलं त्यांना. धरणाचं, तारांचं, सगळं. ते म्हणाले, कुलथे, फिरल्या पाहिजेत."

"आणि तुम्ही फिरवल्या."

"हो, फिरवल्या! काय होणार होतं नाहीतर? इतक्या लांबून आलेला माणूस थांबलेली चक्की बघतो आणि परत जाऊन एकच ओळ लिहितो: फिरत नाहीत. मग पुढची वीस वर्षं ह्या देशात वाऱ्याचं नाव कोणी काढणार नाही. कोळसा जाळत बसतील. आज दार तरी उघडलं. बाकीचं नंतर समजावता येईल."

"नंतर म्हणजे कधी?"

"संध्याकाळी तुमची सभा आहे. कोणी विचारलं तर एवढंच म्हणा, वर वारा होता. तीन शब्द. तुमचं ऐकतात लोक. ना-हरकत मिळाली की पंपाची लाईन मी स्वतः उभा राहून ओढून देतो. ह्यात मी खोटं बोलत नाहीये."

ह्यात ते खोटं बोलत नव्हते. हे मला आजही पटतं.

*

वारा नाही. लाईट आली.

ग्रामसभेला ओसरीवरचा बल्ब भक्कन लागला आणि दोघेतिघे हसले. दिवेलागणीची वेळ. पुरुष भिंतीला टेकून. बाया पायरीजवळ, दसऱ्याची लुगडी अजून अंगावर. घासलेले हंडे तसेच नळाशी ठेवून आल्या होत्या.

म्हाकू उशिरा आला. हातात सुगंधाची भिंगरी. तो मधोमध येऊन उभा राहिला आणि भिंगरी बल्बखाली धरली.

"बाई, ही तुमची न्हवं?"

"माझ्या वर्गातली."

"तुमी शिकिवलं ते खरं का खोटं? वारा आला की फिरती, न्हाई आला की न्हाई?"

"खरं."

"आज सकाळी फिरत हुती?"

"पोरं पळत हुती तवा फिरत हुती," कोणीतरी मागून म्हणालं.

"मी बाईस्नी इचारतोय. पोरं हुबी हुती तवा?"

"नाही."

"आन् ते?" त्यानं सड्याच्या दिशेनं हात केला. "ते कसं फिरत हुतं?"

पुढंच बसलेली हौसाक्का अख्खी माझ्याकडं वळली. तिच्या मागं सगळ्या बाया. त्यांना वारा, जनित्र, देश यातलं काही नको होतं. त्यांना मी बोलायला हवी होते. काहीही, पण लवकर.

वर वारा होता. शब्द तोंडात तयार होते. म्हाकूला त्याचं उत्तर देता आलं नसतं. वर जाऊन कोण बघणार होतं?

मी गावाला वर्षभर भिंगरी दाखवली होती. ही वस्तू खोटं बोलत नाही, असं सांगितलं होतं. आता तिच्यासमोरच मला खोटं बोलायचं होतं.

"आज ते पंखे होते," मी म्हटलं.

"काय?"

"आज. फक्त आज. वारा नव्हता, म्हणून त्यांना वीज देऊन फिरवलं. आपल्या गावची वीज. पण आबा, ऐका, पंख्यानंसुद्धा ढग पळत नाहीत, ते खोटंच आहे, रोज त्या चक्क्याच अस—"

पुढचं मलाच ऐकू आलं नाही. ओसरी उसळली होती. आमची लाईट खाऊन फिरवले, बाईनं कबूल केलं, पंखेच आहेत, मी म्हणत नव्हतो का, पाऊस ह्यांनीच खाल्ला. ज्यांना मी उंबऱ्या-उंबऱ्यानं इकडं आणलं होतं ते उभे राहून ओरडत होते. माझं वाक्य त्यांनी मधोमध मोडून अर्धं घेतलं होतं. ते अर्धं खरंच होतं.

म्हाकू ओरडला नाही. गोंधळातून माझ्यापर्यंत आला आणि भिंगरी माझ्या हातात दिली.

"धरा बाई," तो म्हणाला. "दळाण झालं."

सरपंचांनी ना-हरकतीला हात वर करायला सांगितले. हौसाक्काचा हात वर गेला. तिच्या मागं आणखी काही गेले. मग त्या बायांनी भिंतीकडं, आपापल्या नवऱ्यांकडं बघितलं, आणि ते एकेक करून खाली आले. हौसाक्काला मागं वळून बघता येत नव्हतं. आपला हात एकटाच राहिलाय हे तिला सरपंचांनी आकडा सांगितल्यावर कळलं.

*

वारा आहे. लाईट आहे. चक्क्या थांबलेल्या आहेत.

हे बऱ्याच वर्षांनंतरचं. सुगंधाच्या लग्नाला मी खडपेवाडीला गेले. लगीनसराईचा शेवट, पाऊस सुरू झालेला, मांडव दोरखंडांनी झाडांना बांधलेला, तरी उडत होता.

मधे काय झालं ते थोडक्यात. मनोरे शेजारच्या वाडीतून गेले. त्यांनी ना-हरकत दिली होती. त्यांच्या पंपाला वेगळी लाईन मिळाली, कुलथेसाहेबांनी स्वतः उभं राहून ओढून दिली. पुढं ते मुख्य कचेरीत गेले. समितीनं काय लिहिलं ते मी पेपरात वाचलं: सड्यावर बारा महिने खात्रीचा वारा. मग आसपासच्या सगळ्या सड्यांवर चक्क्या उभ्या राहिल्या. दार उघडलं होतं, यात शंका नाही. तारा होत्या तेवढ्याच राहिल्या. धरण आणि वारा यांची गाठ कोणी घातली नाही. ते नंतर समजावायचं होतं.

त्यामुळं आता पावसाळ्यात, जेव्हा खरा वारा सुटतो, तेव्हा तारांना एवढी वीज झेपत नाही आणि चक्क्यांना थांबायचा हुकूम येतो. मांडव उडवणाऱ्या वाऱ्यात सगळा सडा पाती बांधून उभा होता.

म्हाकू खाटेवर बसला होता, म्हातारा, कानावर हात ठेवून ऐकणारा. मी पाया पडायला वाकले.

"बाई का? बगा. बगितलं का वर? हल्ली पंखं बंद ठिवत्यात पावसाळ्याचं."

"हो आबा."

"आन् पाऊस बगा. अक्षी झोडपतोय. म्हणत न्हवतो का मी?"

खरंच झोडपत होता. त्याला सांगण्यासारखं माझ्याकडं सगळं काही होतं. मी म्हटलं, "तब्येतीला जपा."

हौसाक्का मागच्या पडवीत एकटी बसली होती. तिनं मला पायांवरून ओळखलं. बस म्हणाली. सुनांचं, नातवंडांचं बोलणं झालं.

"बाई, येक इचारू?"

"विचारा ना."

"त्या सांजंला 'वर वारा हुता' असं म्हणाली असतीस तर?"

ती मला कायम तुमी म्हणायची. कुलथेसाहेबांचे ते तीन शब्द तिच्यापर्यंत कसे पोचले, मला माहीत नाही. शेजारच्या वाडीत लाईन ओढताना ते बोलले असतील.

"खोटं झालं असतं, अक्का."

"व्हय. खोटंच."

तिनं मान वर करायचा प्रयत्न केला. ती माझ्या गळ्यापर्यंत आली आणि थांबली. तोंडापर्यंत पोचली नाही.

"माजी मान हितवर येती," ती म्हणाली. "वर वारा हुता का न्हवता, मी कवा बगनार हुते?"

आतून तिची सून आली. पदर ओला, डोक्यावर चुंबळ तशीच. तिनं पाण्याचा तांब्या आमच्या मधे ठेवला आणि गेली. हौसाक्कानं तो माझ्याकडं सरकवला.

"पी," ती म्हणाली. "खालचंच हाय."